डोंगरातल्या आडगावी काहीच न बघता काढलेला दिवस वाया जातो का?

नाही, अजिबात नाही. एवढ्या लांब जाऊन एकही पॉइंट न बघता दिवस नुसता बसून काढला तर सुट्टी आणि पैसे फुकट जातात का, असं तुम्ही विचारलंय. मला मुनस्यारीतला एक दिवस आठवला, म्हणून लिहिते.

मुनस्यारी उत्तराखंडात पिथौरागढ जिल्ह्यात आहे, साधारण २२०० मीटर उंचीवर. रेल्वे काठगोदामला संपते आणि पुढे पावणेतीनशे-एक किलोमीटर घाटच घाट. जीपने आम्हाला अकरा तास लागले. दुसऱ्या दिवशी जवळचा खलिया टॉप हा डोंगर चढायचं ठरलं होतं, पण सकाळी आईचे गुडघे सुजलेले. बेत रद्द. मी खरंच खट्टू झाले होते.

चहा घेऊन गच्चीवर बसलो. समोर गोरीगंगेच्या दरीपलीकडे पंचचूलीची पाच शिखरं, त्यातलं सगळ्यात उंच ६९०४ मीटर. घरमालक म्हणाले, स्वर्गाला निघालेल्या पांडवांनी शेवटचा स्वयंपाक इथे केला, त्या या पाच चुली. आई एकदम म्हणाली, "अगं, म्हणजे आपलीच चूल की!" लग्न झाल्यावर पंधरा वर्षं तिने चुलीवरच रांधलंय. मग बराच वेळ ती बोललीच नाही, नुसती बघत होती.

दुपारी हळूहळू खालच्या घरांकडे गेलो. एका ओसरीवर एक आजी मागावर बसल्या होत्या. तिकडे आजीला आमा म्हणतात. लोकरीचं आसन विणणं चाललं होतं. उभ्या धाग्यात लोकर अडकवायची, गाठ ओढायची, टोक सुरीने कापायचं, ओळ भरली की लोखंडी पंजाने ठोकून बसवायची. तासाभरात जेमतेम बोटभर आसन वाढलं. गाठी मोजताना आमांचे ओठ हलत होते.

या मोजण्यावरून मला नैनसिंह रावत आठवले. ते इथल्याच जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचे. इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्यासाठी १८६५-६६ मध्ये ते वेश पालटून तिबेटात ल्हासापर्यंत पायी गेले. अंतर मोजायला जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, आणि दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. टिपणं बौद्ध लोक हातात फिरवतात त्या प्रार्थनाचक्रात लपवलेली. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. शाळेत हे नाव मला कुणी सांगितलं नाही, याची हळहळ वाटते.

आमा स्वतः शौका या इथल्या व्यापारी समाजातल्या. आईची हिंदी मोडकी, त्यांची पहाडी वळणाची, तरी दोघींचं छान जमलं. त्यांचे सासरे उन्हाळ्यात शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर धान्य, गूळ लादून तिबेटात जायचे आणि मीठ, लोकर घेऊन यायचे. १९६२ च्या युद्धानंतर ती वाट बंद झाली. वरची गावं ओस पडत गेली. "घर तो वहीं है, छत नहीं है," आमा म्हणाल्या, आणि हात मात्र चालूच होते. मग त्यांनी आईला जवळ बसवून एक ओळ भरायला दिली.

संध्याकाळी उन्हं कलली तशी शिखरं आधी केशरी, मग तांबडी झाली. तेवढ्यासाठी तरी तिथे दोन रात्री ठेवाच. एका रात्रीत ढग आडवे आले तर काहीच दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा, पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ता अडतो.

आसन पुरं व्हायला वेळ होता. पैसे देऊन आलो, दोन महिन्यांनी पार्सल आलं. आता ते आईच्या देवघरासमोर असतं. उलटं करून पाहिलं की एका कडेला एक ओळ जरा सैल दिसते. ती आईची.