बिल्जमध्ये रोज पाणी आणि पहाटे उगाच वाजणारा अलार्म, केबिन क्रूझरवर शोध कुठून सुरू करू?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की जुनी केबिन क्रूझर (झोपायची केबिन असलेली मोटरबोट) घेतलीय, बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, रोज अर्धी बादली पाणी जमतं, बिल्ज पंप रात्री मधूनच आपोआप सुरू होतो आणि लगेच बंद पडतो, पहाटे चारच्या सुमारास केबिनमधला गॅसचा अलार्म टिक टिक करायला लागतो पण वास कसलाच नाही, म्हणून तुम्ही त्याची वायर काढून ठेवलीत आणि आता विचारताय की आधी गळती शोधू की नवीन अलार्म आणू.

आधी ती वायर परत लावा. मग पुढचं वाचा.

हे रागावून नाही सांगत, मीही काढली होती. माझ्या बोटीवर अगदी हेच सगळं झालं होतं, पाणी, पंप, पहाटेची टिकटिक, आणि मी तीन वेगळ्या भानगडी समजून तीन बाजूंनी खर्च करत बसलो. शाफ्टचं (पंखा फिरवणाऱ्या दांड्याचं) ग्लँड पॅकिंग, म्हणजे तो बोटीबाहेर जातो तिथली पाणी अडवणारी वेष्टणं, बदललं, पाणी चढलं की पंप सुरू करणारा फ्लोट स्विच नवीन टाकला, अलार्म पण नवीन आणला, आणि तो नवीन अलार्म पण चौथ्या रात्री टिकटिकला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय. शेवटी निघालं ते एकच दुखणं, आणि ते गरम पाण्याच्या टाकीवरच्या अंगठ्याएवढ्या व्हॉल्व्हमध्ये होतं. तुमच्याकडे तेच असेल असं नाही पण शोधायची पद्धत तीच लागेल.

पहिली गोष्ट, पाणी खारं की गोडं. लोक इथे हाताचं बोट बुडवून चाखून बघतात, ते करू नका, बिल्जमध्ये कूलंट असू शकतं, त्याची चव गोडसर असते आणि ते विष आहे, शिवाय डिझेल, टॉयलेटचं पाणी काहीही असू शकतं. मी एका काळ्या प्लास्टिकच्या झाकणात चमचाभर बिल्जचं पाणी आणि शेजारी दुसऱ्या झाकणात बाहेरचं समुद्राचं पाणी असं रात्रभर वाळत ठेवलं. सकाळी समुद्रवाल्या झाकणावर पांढरी खरखरीत रांगोळी आणि बिल्जवाल्यावर नुसता धुळीचा एक गोल डाग. तिथेच कळलं की शाफ्टच्या मागे घालवलेले तीन आठवडे फुकट गेले. तुमची बोट नदीत किंवा तलावात असेल तर ही युक्ती चालणार नाही, तिथे पिण्याच्या टाकीत खायचा रंग टाका, दोन दिवसांनी बिल्ज रंगीत झालं तर पाणी तुमचंच. समुद्रावर पण हा रंग उपयोगी पडतो कारण गोडं पाणी म्हणजे टाकीचंच असं नाही, पावसाचं पण असतं.

अर्ध्या बादलीचा हिशोब पण करून ठेवा. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला साधारण ४ लिटर होतात, म्हणजे तुम्ही जे शोधताय ते भोक नाहीये, तो एक थेंब आहे, जो टॉर्च मारून घाईघाईत बघितलं तर दिसतच नाही. म्हणून आधी बिल्ज पूर्ण कोरडं करायचं, स्पंजने, कोपऱ्यातलं सुद्धा, आणि मग प्रत्येक जोडाखाली, प्रत्येक क्लॅम्पखाली टिश्यू पेपरचा तुकडा ठेवायचा. खडूची पूड भुरभुरवली तरी चालते, ओघळ पूड धुवून स्वतःची वाट दाखवतो. आणि बिल्जच्या बाजूला चिकटपट्टीवर पेनाने रेघा मारून पातळी लिहा, नाहीतर "काल जरा जास्त होतं वाटतं" यावर काही ठरत नाही.

पाणी गोडं निघालं तर रात्री झोपताना पाण्याचा प्रेशर पंप (नळांना दाबाने पाणी देणारा) मेन स्विचला बंद करा. सकाळी बिल्ज कोरडं असेल तर गळती त्या लाइनवर आहे. माझी खूण खरंतर आधीपासून ऐकू येत होती, सगळे नळ बंद असताना हा प्रेशर पंप रात्री अर्ध्या तासाने एकदा टर्र करून गप्प व्हायचा, आणि मी म्हणायचो पंप जुना झालाय. इंजिन चालवलं की त्याच्या उष्णतेने टाकीतलं पाणी तापतं, आणि ४० लिटर पाणी २० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की जवळजवळ १ लिटरने फुगतं, ते जाणार कुठे, तर जास्तीचा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर, इथपर्यंत नॉर्मल आहे. पण माझ्या व्हॉल्व्हच्या सीटखाली क्षाराचा खडा बसला होता, मुगाच्या डाळीएवढा, त्यामुळे पाणी निवल्यावरही तो पूर्ण बंद होत नव्हता आणि रात्रभर गळत होता, आणि त्याचं तोंड सरळ बिल्जमध्ये सोडलेलं त्यामुळे कुणाला दिसायचं नाही. व्हॉल्व्ह बदलला, लाइनवर फुगलेलं पाणी सामावणारी छोटी एक्स्पान्शन टाकी बसवली आणि व्हॉल्व्हचं तोंड एका पारदर्शक बाटलीत सोडलं. आता बाटली बघितली की झालं.

पाणी खारं निघालं तर मात्र हळूहळू बघू असं करू नका. पाण्याखाली ६० सेंटीमीटरवर २५ मिलिमीटरचं भोक पडलं तर मिनिटाला साधारण ६० लिटर पाणी आत येतं, आणि पंपाच्या डब्यावर लिहिलेला आकडा हा उंची नाही, वळणं नाहीत, बॅटरी पूर्ण चार्ज अशा स्थितीतला असतो, प्रत्यक्षात त्यापेक्षा बराच कमी निघतो. त्यामुळे शोध सुरू करायच्या आधी सगळे सीकॉक (बोटीच्या तळातल्या भोकांवरचे व्हॉल्व्ह) हाताने बंद होतात का ते बघा, जो जाम आहे तोच तुमचा पहिला उद्योग, आणि प्रत्येकाशेजारी त्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा.

खाऱ्या पाण्याच्या जागा ठरलेल्या असतात. जुन्या पद्धतीचा ग्लँड असेल तर शाफ्ट फिरताना मिनिटाला २-३ थेंब पडायलाच हवेत, ते थंडाव्यासाठी आहेत, लोक ते बघून नट आवळतात आणि मग पॅकिंग जळतं आणि शाफ्टला खाच पडते. इंजिन बंद केल्यावर हात लावून बघा, कोमट ठीक, चटका बसला तर जास्त आवळलंय. बोट उभी असताना मात्र धार नको. दुसरी जागा समुद्राचं पाणी ओढणारा पंप, त्याच्या अंगावर खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, तिथून पाणी टिपकतंय म्हणजे आतलं सील गेलंय, ते भोक मुद्दाम त्यासाठीच ठेवलेलं आहे, हे मी एकाला बुजवताना बघितलंय, तेही एपॉक्सीने! मग सुकाणूच्या दांड्याचं सील, एक्झॉस्टची रबरी होज खालच्या बाजूने, आणि क्लॅम्प, जे वरून चकचकीत दिसतात आणि मागच्या बाजूला स्क्रूच्या घरात गंजून तुटायला आलेले असतात, आरसा धरून बघा. हे सगळं बोट उभी असताना एकदा, इंजिन नुसतं चालू असताना एकदा आणि गिअर टाकून दोर बांधलेले असताना एकदा असं बघायचं कारण काही गळत्या फक्त शाफ्ट फिरताना येतात. फिरत्या शाफ्टजवळ सैल बाही, गळ्यातलं काही, टॉर्चची दोरी नको.

पावसाचं असेल तर सगळ्यात वैताग, कारण पाणी रेलिंगच्या बुडातून आत शिरतं आणि छताच्या आतून चार फूट पुढे जाऊन खिडकीच्या कोपऱ्यात टिपकतं आणि आपण बिचाऱ्या खिडकीला सीलंट फासत बसतो. पाइपने पाणी मारताना खालून वर जायचं, एका वेळी एकच फिटिंग, दहा मिनिटं, आणि आत कुणीतरी बसवायचं. वरून सीलंट फासून काही होत नाही, फिटिंग काढून, साफ करून, परत नीट बसवावी लागते.

आता पंप मधूनच का सुरू होतो ते. पंप बंद झाला की वरच्या होजमध्ये उभं राहिलेलं पाणी परत खाली येतं, २८ मिलिमीटरची ३ मीटर उभी होज असेल तर जवळजवळ २ लिटर, तेवढ्याने फ्लोट परत वर उचलला जातो, परत पंप, परत पाणी खाली, असं चक्र. म्हणजे थोडंसं नवीन पाणी आलं तरी पंप दहा वेळा चालू शकतो, तेव्हा पंप किती वेळा चालला यावरून गळती मोजू नका. सगळे सांगतील नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) टाक, मी टाकणार नाही, त्यात एक केसांचा गुंता अडकला की तो उघडत नाही, आणि तो व्हॉल्व्ह असला की साधा सेंट्रिफ्युगल पंप आत हवा धरून नुसता घरघरत बसतो, पाणी उचलत नाही. त्यापेक्षा होज छोटी आणि आतून गुळगुळीत घ्या, कमीत कमी वळणं ठेवा आणि फ्लोट थोडा वर सरकवा. फ्लोट मधल्या रेषेवर आहे ना तेही बघा, एका बाजूला असेल तर बोट हलली की तिकडे पाणी जमून तो उगाच उचलला जातो. पाणी वाढल्याचा वेगळा अलार्म असेल तर त्याचा स्विच पंपाच्या स्विचपेक्षा वर हवा नाहीतर तो रोजच वाजणार.

आणि याचाच पहाटेच्या टिकटिकीशी संबंध. अलार्म पूर्ण आवाजात सलग वाजणं वेगळं आणि मिनिटाला एकदा टिक करणं वेगळं, टिक म्हणजे बहुतेक वेळा तो स्वतःची तक्रार सांगतोय, एकतर व्होल्टेज कमी नाहीतर सेन्सरचं आयुष्य संपलं. पहाटे बॅटरी सगळ्यात खाली असते, फ्रीज रात्रभर चालू, वर हा पंप. मी पहाटे उठून मल्टीमीटर लावला, बॅटरीवर १२.३ व्होल्ट, ठीकठाक, पण अलार्मच्या टर्मिनलवर, बिल्ज पंप चालू असताना, १०.९. मधले १.४ व्होल्ट कुणी खाल्ले म्हणून वायर धरून मागे मागे गेलो तर पंप आणि अलार्म दोघांचा निगेटिव्ह एकाच जोडावर, आणि तो जोड उघडला तर आत हिरवी पूड, तांब्याच्या तारा दोन-चारच उरलेल्या. जोड कापून नवीन केला, अलार्मला वेगळी लाइन दिली, टिकटिक बंद. तो बिचारा पहिल्या दिवसापासून खरंच बोलत होता, मी फक्त गॅस गॅस करत बसलो.

अलार्मच्या मागे तारीख असते ती बघा, कार्बन मोनॉक्साईडवाले कंपनीप्रमाणे ५ ते १० वर्षं चालतात, नंतर बदलायचे, टेस्टचं बटण बझर आणि सर्किट तपासतं, सेन्सर मेला असला तरी ते छान वाजू शकतं. हे अलार्म चुकीचे वाजतात पण कारणाशिवाय नाही. लेड-ॲसिड बॅटरी जास्त चार्ज झाली की हायड्रोजन सोडते आणि कार्बन मोनॉक्साईडचा सेन्सर त्यालाही फसतो, म्हणजे अलार्म चुकला तरी चार्जर तपासायची वेळ आलीच आहे. गॅसचा सेन्सर थिनर, स्प्रे, ओलं सीलंट यांनी वाजतो. पण सलग वाजला की आधी खरा मानायचा. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, "वास येत नाही म्हणजे खोटा" हे तिथे लागूच होत नाही, सगळे मोकळ्या हवेत या, इंजिन-जनरेटर बंद, मग विचार करा. पुढचे-बाजूचे पडदे लावून आणि मागची बाजू उघडी ठेवून हळू चालवलं तर आपलाच धूर मागून कॉकपिटमध्ये ओढला जातो, शेजारच्या बोटीचा जनरेटर पण पुरतो. एलपीजी आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली बिल्जमध्ये साठते, तेव्हा तिथे सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, हॅच उघडे, आणि एकही स्विच चालू किंवा बंद करायचा नाही.

इंजिनच्या टेंपरेचरचा अलार्म पण खोटा वाजतो असं तुम्ही शेवटी लिहिलंय. आधी एक्झॉस्टमधून पाणी नेहमीसारखं पडतंय का बघा, नसेल तर तो खोटा नाहीच, इंजिन बंद करा. पाणी ठीक आणि इन्फ्रारेड थर्मामीटरवर तापमान पण ठीक असेल तर सेन्सरवरची वायर काढून बघा, बऱ्याच इंजिनांवर तो स्विच गरम झाला की वायर बॉडीला जोडतो, एवढंच त्याचं काम, त्यामुळे वायर काढूनही बझर चालूच राहिला तर वायर कुठेतरी घासून ब्लॉकला टेकलीय, आणि थांबला तर स्विच खराब. इंजिन सुरू करायच्या आधी किल्ली फिरवल्यावर ऑइलचा बझर वाजतो तो मात्र वाजायलाच हवा, तो वाजला नाही तर काळजी करा.

आज रात्री प्रेशर पंप बंद ठेवून झोपा, पण बिल्ज पंप ऑटोवरच राहू द्या, आणि सकाळी चिकटपट्टीवर पातळी कुठे आली आणि झाकणावर मीठ आलं की नाही ते इथे लिहा. बोट शाफ्टची आहे की स्टर्नड्राइव्हची (इंजिन आत आणि पंख्याचा भाग बोटीच्या मागे बाहेर) तेही लिहा, कारण स्टर्नड्राइव्ह असेल आणि पाणी खारं असेल तर मागचे रबरी बेलोज (घडीदार रबरी नळ्या) फाटलेले असू शकतात, ते पाण्यात राहून बदलता येत नाहीत आणि मग मी वर सांगितलेलं सगळं बाजूला ठेवून बोट आधी बाहेर काढावी लागेल.