'स्टोनर'ला मराठीत काय म्हणावं?

'फ्रायडे' (१९९५) या अमेरिकी चित्रपटाची मराठी उपशीर्षकं करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'स्टोनर'साठी, म्हणजे सतत गांजा ओढणाऱ्यासाठी, 'गर्दुल्ला' चालेल का? नाहीतर दुसरा कोणता शब्द घ्यावा?

'गर्दुल्ला' अजिबात नको. तो शब्द गर्दचा, म्हणजे ब्राऊन शुगरचा. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यातली तरुण पोरं गर्दपायी गेली, १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. त्या काळातलं भय आणि दुःख या शब्दाला अजून चिकटलेलं आहे. 'फ्रायडे'तला स्मोकी तसा नाही. लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल भागात, नोकरी गेलेल्या मित्राच्या, क्रेगच्या घरापुढे बसून तो दिवसभर गांजा ओढतो. विकायला दिलेला माल स्वतःच फुकून बसलाय आणि त्याचे दोनशे डॉलर रात्रीपर्यंत कुठून आणायचे, या पेचात अडकलाय.

'चरसी' जवळचा वाटतो, पण चरस वेगळा, गांजा वेगळा. राहिला 'गांजेकस'. शब्द सुरेख आहे. त्यातला 'कस' फारसीतला, ओढणारा या अर्थाचा. 'कश मारणे'तला कश त्याचाच भाऊ. पण तो ऐकला की मला जत्रेतली म्हातारी मंडळी दिसतात: छापी, म्हणजे फडकं, ओली करून चिलमीच्या बुडाला गुंडाळायची, दोन्ही तळहातांत चिलीम धरून दम मारायचा आणि न बोलता शेजाऱ्याकडे द्यायची. स्मोकीला त्या पंगतीत बसवता येत नाही.

माझ्या मते अडचण शब्द कमी असण्याची नाहीच. 'गंजेडी', 'गांजेकस', 'चरसी' ही सगळी नामं बाहेरच्यांनी ठेवलेली आहेत, बहुतेक नाक मुरडून. ओढणारी पोरं आपसांत नाम वापरतच नाहीत, क्रियापद वापरतात. 'हा फुकतो का?' एवढं विचारलं की झालं. काय फुकतो, हे सांगावं लागत नाही. म्हणून मित्रांच्या तोंडी 'स्टोनर' आला की वाक्य फिरवा आणि 'फुकतो' लिहा. 'गंजेडी' हा शब्द क्रेगच्या बापासाठी राखून ठेवा. थोरल्यांच्या रागात तो चपखल बसतो.

'स्टोन्ड'चंही, म्हणजे गांजा चढलेल्याचंही, तसंच. 'तर्र', 'टुन्न', 'टल्ली' हे दारूचे शब्द आहेत. (इंग्रजीत 'स्टोन्ड' पूर्वी दारू प्यायलेल्यालाही म्हणत, पण आज त्या शब्दातून गांजाच डोळ्यांपुढे येतो.) आपल्याकडे सुपारी लागते, तंबाखू लागते, भांग लागते. घाम फुटतो, डोकं हलकं होतं, जमीन जरा लांब गेल्यासारखी वाटते. हे 'लागणं' गांजालाही चालतं. क्रेग आग्रहाला बळी पडून ओढतो, त्यानंतर 'याला लागलाय' हे दोन शब्द पुरेत. 'तो नशेत आहे' असं लिहिलंत तर पोलिसांच्या पंचनाम्यासारखं वाटेल.

चित्रपटाच्या प्रकाराचं नाव मात्र 'स्टोनर कॉमेडी' असंच राहू द्या. 'गंजेडी विनोदपट' म्हटलं की बापाचा आवाज थेट पोस्टरवर येतो, आणि हा चित्रपट तर पोरांच्या बाजूने सांगितलेला आहे. त्याच कारणाने 'हूड'ला, म्हणजे पोरं राहतात त्या भागाला, 'वस्ती' करू नका. ती पोरं 'आपला एरिया'च म्हणतील.