नोटीस चुलतभावाची, परवानगी मात्र दुसऱ्याच कुणाची

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातली निवृत्त शिक्षिका. माझ्या पहिल्या कादंबरीत माझे दिवंगत काका वेगळ्या नावाने आले आहेत. त्यांनी आत्याकडून हक्कसोड पत्रावर सही घेऊन तिचा जमिनीतला हिस्सा काढून घेतला, आणि मळ्यात कामाला येणाऱ्या एका बाईवर अत्याचार केला, हे दोन्ही मी लिहिलं आहे. आत्याही आता नाही. तिने माझ्या आईला लिहिलेली पत्रं जशीच्या तशी घेतली आहेत. जमिनीचं प्रकरण एका दिवाळी अंकात आलं आणि चुलतभावाची वकिलामार्फत नोटीस आली : वडिलांची बदनामी झाली, २५ लाख द्या, पुस्तक मागे घ्या. पुस्तक बांधणीला गेलं आहे. काय करू?

उत्तर : सप्रेम नमस्कार. नोटीस आणि तुम्ही पाठवलेली प्रुफं, दोन्ही वाचली. २५ लाखांच्या आकड्याने झोप उडवून घेऊ नका. माणूस गेल्यावर त्याच्या अब्रूची भरपाई वारसांना दिवाणी दाव्यात मागता येत नाही. चुलतभावाची स्वतःची बदनामी होत असेल तरच तो दावा लावू शकेल. तसं एक वाक्य मला सापडलं : 'मुलानेही कागदावर साक्षीदार म्हणून अंगठ्याशेजारी सही ठोकली.' दुय्यम निबंधक कार्यालयातून त्या नोंदणीकृत हक्कसोड पत्राची प्रमाणित नक्कल काढा. त्याची सही नसेल तर हे वाक्य आजच गाळा. तलाठ्याकडून फेरफाराचा उताराही घ्या.

फौजदारी बाजू थोडी वेगळी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार मृत व्यक्तीचीही बदनामी होऊ शकते, पण लिखाणाचा हेतू तिच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याचा असायला हवा. त्यासाठी तुमच्या भावाला दंडाधिकाऱ्यांपुढे खासगी तक्रार करावी लागेल, आणि नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात तक्रारीची दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकणं बंधनकारक आहे. इथे सत्य एकटं पुरत नाही, ते लोकहितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. बहिणींकडून हक्कसोड कशी घेतली जाते हे मराठी घराघरांत ठाऊक आहे, त्यावर लिहिणं लोकहिताचंच आहे असं मी कोर्टात ठामपणे मांडेन. 'सर्व पात्रे काल्पनिक' या ओळीवर मात्र भिस्त ठेवू नका. गाव ओळखत असेल तर त्या ओळीचा उपयोग नाही.

आता पत्रांचं. ती तुमच्या आईच्या ट्रंकेत सापडली, म्हणून कागद तुमचे. मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्या आत्याचा होता आणि तो तिच्या वारसांकडे, म्हणजे तुमच्या दोन आतेभावंडांकडे गेला आहे. पत्रं आजवर अप्रकाशित असल्यामुळे 'जुनी झाली' असंही म्हणता येत नाही. दोघांची लेखी परवानगी घ्या. नाही मिळाली तर पत्रांतल्या घटना स्वतःच्या शब्दांत सांगा, कारण घटनांवर कुणाचा कॉपीराइट नसतो. आत्याची भाषा गेली तर कादंबरीचं नुकसान होईल, हे मला कळतं. तिचं 'वैनी, सही केली आन् हात धुतले' हे वाक्य मीही पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणूनच आधी भावंडांकडे जा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ज्यांनी नोटीस पाठवलेली नाही त्यांची. त्या बाई हयात आहेत, त्याच गावात राहतात. तुम्ही नाव बदललंत, पण ओढ्यापलीकडचं घर, डाव्या हाताचं तुटलेलं बोट, मुलाचं गॅरेज, सगळं तसंच ठेवलंत. गावातला कुणीही पहिल्या पानात ओळखेल. त्याच न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे बलात्कारपीडितेचं नावच नव्हे, तर तिची ओळख पटेल असा कोणताही मजकूर छापणं गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तेव्हा फिर्यादच झाली नव्हती, मग कलम कसं लागेल, असा युक्तिवाद करता येईल. त्याच्या भरवशावर मी तुम्हाला हे पुस्तक छापू देणार नाही. त्यांनी ती गोष्ट आत्याला विश्वासाने सांगितली होती. आज त्यांना सुना आहेत, नातवंडं आहेत.

ओळख ठेवायची असेल तर त्यांची स्वतःची लेखी परवानगी हवी. मुलाची चालणार नाही, आणि त्याला यातलं काही माहीत आहे असं गृहीत धरू नका. एकट्या जा. पहिल्या भेटीत कागद नेऊ नका. प्रकरण त्यांना वाचून दाखवा, सगळं, अगदी अवघड भागसुद्धा. तुम्ही मालकाच्या घरातल्या आहात. पिढ्यान्पिढ्या तुमच्या घराला 'नाही' म्हणण्याची सवय त्यांना नाही. म्हणून 'नको म्हणालात तरी माझं काही बिघडत नाही' हे तुम्हीच आधी म्हणा, आणि ते खरं असू द्या. होकार आला तरी पंधरा दिवस जाऊ द्या, मग पुन्हा विचारा. नकार आला, किंवा त्या नुसत्या गप्प बसल्या, तर प्रकरण काढा. नाहीतर गाव, काम, शरीराच्या खुणा सगळं बदला, आणि मालकाचं पात्रही काकांपासून तोडा. तो ओळखू आला की त्या ओळखू येतात. कादंबरी लुळी पडेल असं तुम्हाला वाटेल. प्रुफं वाचून मला तसं वाटलं नाही, कारण तिचा कणा आत्या आहे.

तोवर प्रकाशकांना आजच ईमेल करून बांधणी थांबवा. करारात 'कायदेशीर खर्चाची जबाबदारी लेखकाची' असं कलम असतं, तेही पाहून ठेवा. नोटिशीला उत्तर वकिलामार्फतच द्या, चार ओळींचं : आरोप अमान्य, दावा केल्यास बचाव करू. ते पात्र म्हणजे काकाच, असं कुठेही लिहू नका, आणि भावाला फोन करून भांडू नका.