आदिवासी मुलांच्या शिक्षणावर सरकार एवढा खर्च करतं, त्याचा खरंच फायदा होतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. आश्रमशाळा, वसतिगृहं, शिष्यवृत्त्या असूनही मुलं मध्येच शाळा-कॉलेज का सोडतात? आणि पुण्यात तुमच्याकडे कामाला येणाऱ्या आदिवासी ताईंच्या बारावी झालेल्या मुलीला यातलं काय मिळू शकेल? मी नाशिक जिल्ह्यात तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजला शिकवतो. जून-जुलैत शिकवणं कमी आणि मुलांचे महाडीबीटीचे, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचे, अर्ज भरून देणं जास्त, अशी गत असते.

फायदा होतो, यात मला शंका नाही. राज्यात पाचशेच्या आसपास शासकीय आणि त्याहून थोड्या जास्त अनुदानित आश्रमशाळा आहेत. तिथल्या जेवणाबद्दल, रिकाम्या जागांबद्दल पेपरात येतं ते खोटं नसतं. तरीही त्या नसत्या, तर माझ्या वर्गातली कितीतरी पोरं चौथीनंतर गुरांमागेच गेली असती. माझी तक्रार आहे ती मदत उशिरा पोचते याची.

स्वयं योजना घ्या. बारावीनंतर शिकणाऱ्या ज्या मुलाला शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्याच्या राहण्या-जेवणाचे पैसे खात्यावर येतात. योजना आली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये धरले होते: जेवणाचे ३२,०००, भाड्याचे २०,००० आणि निर्वाह भत्ता ८,०००. रक्कम वाईट म्हणता येणार नाही. पण घरमालक डिपॉझिट मागतो जुलैत, मेसवाला एक तारखेला दारात, आणि हप्ता जमा होतो दिवाळीनंतर, कधी परीक्षा उरकल्यावर. ज्याचा मामा नोकरीला आहे तो उसनवारीवर निभावून नेतो. बाकीचे "सर, पुढच्या वर्षी बघू" म्हणत द्राक्षबागेत रोजंदारीला लागतात. योजना ज्याच्यासाठी काढली, नेमका तोच बाहेर पडतो.

कागदांचं त्याहून अवघड. जातीचा दाखला प्रांत ऑफिसातून मिळतो, पण इंजिनिअरिंग-मेडिकलच्या राखीव जागेला वैधता प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तो दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र. अनुसूचित जमातींचा मूळ आदेश ६ सप्टेंबर १९५० चा, म्हणून समितीला त्याआधीचे पुरावे जास्त भरवशाचे वाटतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणा, म्हणतात. ज्या घरात दहावी झालेली ही पहिलीच पोरगी, तिथले आजोबा शाळेत कधी गेले होते? मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद शोधायची. पानं हाताला लागताच तुटतात. मोडीत असली तर वाचणारा गाठा. एवढं करून नोंद सापडते तेव्हा जातीपुढे नुसतं 'कोळी' लिहिलेलं असतं, 'महादेव' गायब. अनुसूचित जमातींच्या यादीत आहे तो 'महादेव कोळी', नुसता 'कोळी' नाही. पुढे समितीचं दक्षता पथक घरी येऊन कुलदैवत कोणतं, लग्नात काय काय करता, हे विचारणार. बोगस दाखल्यांवर जागा लाटल्या गेल्या म्हणून ही चाळणी आली, हे मान्य. पण तिच्यात खरी पोरंही महिनोन्‌महिने अडकून राहतात.

उशीर खरं तर पहिलीपासूनच असतो. घरी पावरी किंवा माडिया बोलणाऱ्या पोराला पहिल्या दिवसापासून प्रमाण मराठी. कातकऱ्यांची कुटुंबं पावसाळा संपला की वीटभट्टीवर जातात, सोबत पोरंही. पोरांना गावातच ठेवायला हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण ती वेळेत सुरू झाली तर उपयोग. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा काढली, मुलं गुरं चारतात तिथेच शाळा नेली. आदिवासी मुलांसाठीच्या केंद्राच्या निवासी एकलव्य शाळेचा गाजावाजा खूप, पण ती सहावीपासून. तोवर ज्यांचं वाचन कच्चं राहिलं, ते प्रवेश परीक्षेत काय लिहिणार?

आता ताईंच्या मुलीचं. आधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज करा. तिथे नंबर लागला नाही तर स्वयं. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर महाडीबीटीवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा. फ्रीशिप कार्ड, म्हणजे फी सरकार भरणार असं सांगणारं कार्ड, दाखवलं की कॉलेजने आधी फी मागायची नसते. मागतात, तेव्हा लेखी मागा म्हणावं, बहुतेक वेळा आवाज खाली येतो. डिग्रीच कशाला, आयटीआयलाही राखीव जागा असतात, तिचा कल विचारून घ्या. वैधता नसेल तर आजच अर्ज टाका. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे काका, आत्या, चुलतभाऊ, कुणाकडे वैधता असेल तर काम खूप सोपं होतं.

अर्जाआधी बँकेत जाऊन आधार नेमकं कोणत्या खात्याला जोडलंय ते बघा. पैसे तिथेच जातात. माझ्या एका विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती मोबाईलच्या दुकानात सिम घेताना उघडलेल्या खात्यात पडून होती. तिला ते खातं आहे हेही माहीत नव्हतं.

आदिवासी विकास विभागाचं पुणे जिल्ह्याचं प्रकल्प कार्यालय घोडेगावला आहे, अडलं तर तिथे जा. आणि फॉर्म भरताना नंबर तिचाच द्या, तुमचा नको. ओटीपी दरवर्षी लागतो.