ऑस्टिन सेव्हन घ्यायची तर सलूनच घ्या

बायको आणि दोन मुलांना घेऊन फिरायला १९३० च्या आसपासची ऑस्टिन सेव्हन ही छोटी ब्रिटिश मोटार हवी आहे, तर बॉक्स सलून म्हणजे बंद छपराची घ्यावी की चमी म्हणजे उघडी, असं तुम्ही विचारलंय. सलून घ्या. माझा मेहुणा नेमकं उलटं सांगेल, आणि इथे बर्मिंगहॅमच्या आमच्या गोतावळ्यात जुन्या गाड्यांबद्दल त्याचाच शब्द चालतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी सलून १९२९ ची. ती बघायला गेलो तेव्हा दुसरं एक गिऱ्हाईक तिची बॉडी उतरवून चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, दोन सीटची स्पेशल, म्हणजे घरी बांधलेली रेसिंगची गाडी, उभी करायच्या गोष्टी करत होतं. मेहुण्यानेही त्याचीच री ओढली : "वरचा डबा फेकून दे, खरा माल खाली आहे." मला ते फार लागलं. दुसऱ्या महायुद्धानंतर हेच झालं. सेव्हन सलून कवडीमोलाने मिळायच्या, पोरं बॉडी काढून टाकायची आणि हलकी रेसिंगची गाडी बांधायची. लोटस ही रेसिंग गाड्यांची कंपनी काढणाऱ्या कॉलिन चॅपमनची पहिली लोटससुद्धा सेव्हनवरच उभी राहिली. पण तेव्हा या गाड्या ढिगाने होत्या. आज धड उरलेली सलून कापणं म्हणजे वाडा पाडून तुळया विकणं. ऑस्टिन कंपनीच्या हर्बर्ट ऑस्टिनने सेव्हन काढली ती मोटरसायकलच्या साइडकारमध्ये कुटुंब कोंबून नेणाऱ्या माणसासाठी. त्या कुटुंबाच्या डोक्यावर छप्पर नको?

गाडी मीच घेतली. पुढे मेहुण्याची चमी आणि माझी सलून अशा दोन्ही गाड्या घेऊन आम्ही निघालो असता लडलो गावाजवळ पावसाने गाठलं. मेहुण्याने हूड, म्हणजे कापडी छत, चढवलं, बाजूचे पडदे लावले, तरी पाणी आत. सासूबाई त्याच्या चमीतून उतरल्या आणि काही न बोलता माझ्या मागच्या सीटवर येऊन बसल्या. पोटच्या लेकाची गाडी सोडून! तो अजून म्हणतो, आईला फक्त माझ्या बायकोशी बोलायचं होतं.

सलून बघताना दार उघडून वर उचलून बघा. लोंबत असेल तर पत्र्याखालचं, बिजागरीजवळचं लाकूड कुजलंय, आणि पत्रा काढल्याशिवाय ते काम होत नाही. छपराच्या कापडाच्या कडेने पाणी झिरपतं, तिथलं आतलं अस्तर हाताने चाचपा.

सलून जड असते, हे मान्य. ७४७ सीसीचं इंजिन, चार माणसं बसली की चढाला रांगतं. शिवाय १९३० मध्ये ब्रेक एकत्र जोडले जाईपर्यंत पायाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना होता, पुढचे हातब्रेकवर. उतारावर पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा.

आणि हो, विकताना उघड्या गाडीला भाव जास्त येतो. मुलं मोठी झाली असतील, तुम्ही दोघंच उन्हाळ्यात फिरणार असाल, तर चमी घ्या, माझी हरकत नाही. फक्त ती कारखान्यातूनच उघडी निघाली होती, याचे कागद मालकाकडून आधी मागून घ्या. सलून कापून केलेली निघाली तर फुकट दिली तरी घेऊ नका.