'वरून हुकूम होता' म्हटलं की ज्यू धर्मशास्त्रात सुटका होते का?

ज्यू धर्म सगळा आज्ञांवरच उभा असेल, तर माणसाच्या स्वतःच्या विवेकाला तिथे जागा कुठे, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते ती जागा त्या आज्ञांमुळेच मिळते. देवाची आज्ञा सगळ्यांत वरची मानली की राजा, मालक, सेनापती सगळे तिच्याखाली येतात. त्यांनी पाप करायला सांगितलं, तर करणाऱ्याला त्यांच्या आड लपता येत नाही.

तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चा आणि नियमांच्या ग्रंथात, याचा रोखठोक नियम आहे: पापाच्या कामाला मुखत्यार नसतो. एरवी लग्नाला, घटस्फोटाला, व्यवहाराला मुखत्यार पाठवता येतो आणि त्याने केलेलं ते पाठवणाऱ्यानेच केलं असं धरतात. पापाचं तसं नाही (काही ठरावीक अपवाद सोडून). शहाण्यासवरत्या माणसाला आग घेऊन दुसऱ्याचं शेत जाळायला पाठवलं, तर भरपाई जाळणाऱ्याने द्यायची. कारण विचारतात: गुरू एक सांगतो, शिष्य दुसरं, तर ऐकायचं कोणाचं? इथे गुरू म्हणजे देव, हुकूम देणारा फक्त शिष्य.

मग हुकूम देणारा मोकळा का? नाही. बायबलमधल्या दावीद राजाने आपल्याच सैन्यातल्या उरीयाला लढाईत मरायला पुढे उभं केलं. तलवार अम्मोनी सैनिकांची होती. तरी नाथान संदेष्टा राजाला तोंडावर सांगतो की त्यांच्या तलवारीने तूच त्याला मारलंस. याच वचनाच्या आधारे शम्माय हे जुने ज्यू धर्मपंडित म्हणाले की पाठवणाराही दोषी. माणसांच्या न्यायालयापुरतं हे मत मान्य झालं नाही, पण देवाच्या दरबारी तो सुटतो असं तालमूद म्हणत नाही.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो चौथ्या शतकातल्या बाबिलोनमधल्या रावा या धर्मपंडिताचा निवाडा. एक माणूस त्यांच्याकडे आला. म्हणाला, गावच्या अधिकाऱ्याने सांगितलंय, अमक्याला मार, नाहीतर तुला मारीन. रावा म्हणाले, स्वतः मर, पण मारू नकोस. तुझंच रक्त जास्त लाल कशावरून? कदाचित त्याचं जास्त लाल असेल. आणि या नियमाला आधार कुठला, तर तालमूद शास्त्रवचन देत नाही, सरळ म्हणतं की ही बुद्धीला पटणारी गोष्ट आहे. शब्दाशब्दाला वचन शोधणाऱ्या ग्रंथात हे किती मोठं आहे, पाहा. आज्ञा आणि विवेक मला इथे एकाच बाजूला उभे दिसतात.

म्हणून धर्म ऊठसूट मरायला सांगतो असं समजू नका. मूर्तिपूजा, निषिद्ध शरीरसंबंध आणि खून या तीन गोष्टी सोडल्या, तर सहसा जीव वाचवणं आधी. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस, तोही त्यासाठी मोडायचा.

योम किप्पूर, म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, तिथेही आपल्या कृत्याची जबाबदारी टळत नाही. देवाविरुद्धच्या पापांची क्षमा त्या दिवशी मिळते, पण ज्या माणसाला दुखावलं त्याचं मन वळवल्याशिवाय त्याच्याबाबतच्या पापाची मिळत नाही.

शेवटी, गप्प राहणाऱ्यांविषयी. घरच्यांना, गावाला किंवा साऱ्या जगाला अडवू शकत असूनही जो अडवत नाही, त्याला त्यांच्या पापासाठी जबाबदार धरतात. यावरूनच रब्बी (धर्मगुरू) झेरांनी रब्बी सिमोनना सांगितलं की बाबिलोनमधल्या ज्यूंच्या प्रमुखाच्या घरच्यांना तुम्ही खडसवा. ते म्हणाले, माझं ते ऐकणार नाहीत. रब्बी झेरा म्हणाले, नाही ऐकलं तरी खडसवा.