फुल्यांची अर्पणपत्रिका आणि शेफिल्डची बेट

चि. ईरास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "११ एप्रिलला आपण घरात 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका वाचतो. पुस्तक आपल्याकडच्या जातींवर, मग मान अमेरिकेतल्या लोकांना का?"

पुस्तक १८७३ सालचं. अमेरिकेतली गुलामगिरी बंद होऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती. तिथल्या भल्या लोकांनी गुलामांना मोकळं केलं, आपल्या लोकांनीही शूद्रांच्या बाबतीत तो कित्ता गिरवावा, ही जोतीरावांची आशा. म्हणून त्यांनी पुस्तक त्यांना नजर केलं.

पण त्यात सोडवणारे आहेत. स्वतःच्या हिमतीवर सुटलेल्या बायका मी तुला सांगते.

मॅसॅच्युसेट्समधल्या शेफिल्ड गावी जॉन अ‍ॅशलीच्या घरी बेट नावाची गुलाम बाई होती. मालकिणीने दुसऱ्या मुलीवर चुलीतलं तापलेलं फावडं उगारलं, तेव्हा बेट मध्ये पडली आणि घाव तिच्या दंडावर बसला. तिने तो कधी झाकला नाही. मालकिणीसमोर कोणी विचारलं की म्हणायची, "बाईंनाच विचारा!" (काय बाई असेल!)

गंमत बघ, माणसं जन्मतः समान असतात असा ठराव १७७३ साली याच अ‍ॅशलीच्या घरात लिहिला गेला होता. पुढे मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या राज्यघटनेतही तेच आलं. बेटला अक्षरओळख नव्हती, पण कान होते. ती थिओडोर सेजविक या वकिलाकडे गेली. १७८१ साली ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात ज्यूरीने तिला आणि ब्रॉम नावाच्या पुरुषाला मोकळं केलं, वर ३० शिलिंग भरपाई दिली. अ‍ॅशली म्हणाला, पगार देतो, परत ये. ती गेली नाही. एलिझाबेथ फ्रीमन असं नाव घेऊन तिने सेजविककडे पगारावर काम केलं, सुईणपण केलं, स्वतःचं घर घेतलं.

सगळ्यांना कोर्ट कुठून मिळणार? ओना जज नावाची गुलाम बाई १७९६ साली फिलाडेल्फियात राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या घरातून, मंडळी जेवायला बसलेली असताना, निघून गेली.

एलिझाबेथ केकलीचा मात्र मला रागच येतो. तिचा नव्हे, हिशोबाचा. सेंट लुईसमध्ये मालकाचं सतरा माणसांचं घर तिच्या शिवणावर चालत होतं. तरी १८५५ साली स्वतःला आणि मुलाला सोडवायला तिलाच १,२०० डॉलर मोजावे लागले. कपडे शिवून घेणाऱ्या बायकांनी ते उसने दिले आणि तिने शिवूनच फेडले. आता देणं कोणाचं कोणाकडे होतं, ते तूच मांड.

तुझी,
आई